सगुणा, मेडिकलला सील लागलं

प्रिय सगुणास,

आता तुला आशीर्वाद लिहावा का नमस्कार, हेच मला कळंना. मेलेलं माणूस वयानं मोठं होतं म्हणतात. पर जिती असताना मी तुला कधी नमस्कार घातला न्हाई, मंग आता कशाला? तू माझी धाकली जाऊ, धाकलीच ऱ्हा. आशीर्वादच घे.

लिहायचं कारण असं, की बाजारादिवशी आपल्या हसनाबादच्या त्या स्टँडासमोरच्या मेडिकलला सील लागलं. लाख लावून! दिनकर आन मधुकर, दोघा भावांचं लायसन औषधखात्याच्या साहेबांनी जागच्या जागी थांबवलं. अंगातले पांढरे कोट काढून ठेवायला लावले. नुसत्या बनियनवर उभे होते दोघं, साऱ्या बाजारासमोर! मी एवढी खुश झाले, एवढी खुश झाले, की घरातली साखर ताटात वतली आन गल्लीत वाटत सुटले. सूनबाई मागून वरडली, "आत्याबाई, चहापुरती तरी ठिवा!" शेजारच्या हमीदाबीनं चिमूट तोंडात टाकली आन इचारलं, "क्या बडी अम्मा, पोता हुआ क्या?"

मी म्हणलं, "पोता न्हाई गं, कुलूप झालं!"

ती हसत हसत वट्ट्यावरच बसली. मंग तिला समजलं कोणतं कुलूप ते. मंग हसली न्हाई. "सगुणा का आवाज अब्बी बी कान में है," म्हणली, आन पदरानं डोळे पुसले.

ती डोळे पुसत होती, आन माझ्या अंगाची आग होत होती. साखर वाटून बी आग गेली न्हाई. म्हणून आज नातीची वही घेतली आन लिहायला बसले. साक्षरतेच्या वर्गात आपण दोघी शिकलो, तेवढंच माझं शिक्षण. तू म्हणायचीस, अक्काचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत. असू दे. कोंबडीचं वाच.

पयले एक कबूल कर. तू नाटकी होतीस. खोटं बोलू नको, आता तर बिलकुल नको. पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत तुझ्या अंगात आल्तं, आठवतं का? केस सोडून घुमत होतीस आन सांगत होतीस, "धाकल्या सुनेला उन्हात रानात धाडू नका!" सासूबाई तुझ्या पाया पडल्या! कापूस वेचायला मी एकटी गेले. मोरीत भांडे घासताना तू माझ्या कानाला लागून म्हणलीस, "अक्का, देवी लय शहाणी हाय, न्हाई का?" मी राखेचा हात तुझ्या गालावर ठिवून दिला. तशीच राखेच्या गालानं तू खुदुखुदु हसून राह्यलीस.

बोटाला काटा लागला तरी गल्ली गोळा करायचीस तू. गावानं नाव ठिवलं, नाटकी सगुणा. मी बी ठिवलं. गावाच्या आधी मीच ठिवलं असंल.

पर एका भिंतीपल्याड मी जन्म काढला, मला फरक माहीत होता. खोटं रडायचीस तवा त्यात बोलणं लय असायचं. "अगं माझे माय, मेले गं, बघा गं कुणीतरी!" खरं रडायचीस तवा शब्दच नसायचा. तुझं मधलं लेकरू गेलं, तवा मी तो आवाज ऐकला होता. गळ्याला फास बसलेल्या वासरागत. दुसऱ्यांदा ऐकायची पाळी येऊ नये असं वाटायचं. आली.

पोटात तो रोग निघाला, तवा विलासनं, तुझ्या लेकानं, तुला जालन्याला नेलं. मी संगं आल्ते. डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणले, "आता बरं होणं न्हाई. पर दुखू द्यायचं न्हाई." किती चांगलं बोलला बघ तो माणूस! दुखू द्यायचं न्हाई. नर्सनं इंजेक्शन दिलं, मुंगी चावल्यागत. घटकाभरात तुझं कपाळ असं उलगडलं, जशी इस्त्री फिरवली. तू म्हणलीस, "अक्का, भूक लागली." आपण केळं खाल्लं. आन तू त्या नर्सच्या अंबाड्याकडं बघून म्हणलीस, "गंगावन हाय ते, पैज लाव." मरणाच्या दारात तुला अंबाडे दिसत होते! मला तेवढा आनंद झाला.

मंग घरी आलो. ती इंजेक्शनं म्हणं सगळीकडं मिळत न्हाईत, कुलपात ठिवावी लागतात, डॉक्टरची चिठ्ठी लागते. दिनकर म्हणला, मी मागवतो तुमच्या नावानं. आन टोचायला मधुकर घरी यायचा. काचेची सुई भरूनच आणायचा, कापसात गुंडाळून. मी एकदा इचारलं, "बाबा, औषधाची कुपी कुठंय?" तर म्हणला, "काकू, कुपी उघडली की औषधाला हवा लागते. दुकानातच भरून आणावं लागतं."

हवा लागते म्हणं! तुझ्या नरड्याला लागो हवा!

सगुणा, ती सुई टोचली की तू पदराचा बोळा चावायचीस. एवढं झोंबायचं. आन आम्ही सगळे खुश! आपल्याकडं असंच हाय ना? झोंबलं म्हणजे लागू पडलं. ज्या डॉक्टराची सुई झोंबत न्हाई, त्याच्या दारात कुत्रं उभं ऱ्हात न्हाई. विलास कौतुकानं म्हणला, "जालन्याचं हलकं होतं. मधुकरचं औषध कडक हाय." तो मेला बी मान हलवायचा. "कडक हाय. टाइम लागंल."

टाइम जायचा, पर कपाळ काही उलगडायचं न्हाई. मंग तू वरडायचीस. शब्द न्हाई त्यात, एक बी शब्द न्हाई.

मी विलासला म्हणलं, "बाबा, हे खरं रडणं हाय."

तो काय म्हणला? "मोठी माय, ती नाटकी हाय हे जन्मभर तूच तर सांगितलंस."

मंग मधुकरला धरलं. म्हणलं, जरा जास्ती दे की रे. तर मला शिकवून राह्यला, "जास्ती दिलं तर सवय लागंल, काकू." सवय! जी बाई पुढची पोर्णिमा बघती का न्हाई अशी गत, तिला सवय लागंल म्हणून ह्याला काळजी! आन तुझ्या खाटेपाशी वाकून म्हणला, "मन घट्ट करा. आवाज जरा कमी करा, गल्लीत माणसं राहतात."

तू त्याच्याकडं बघितलं न्हाईस. माझ्याकडं बघितलंस. का गं माझ्याकडं? सांगायचं ना तोंडानं, "अक्का, ह्या सुईत काही न्हाई!" जन्मभर बडबडलीस आन तवाच गप बसलीस? मला राग हाय त्याचा. त्या दोघांवर हाय तेवढाच तुझ्यावर बी हाय. न्हाई, तेवढा न्हाई. पर हाय.

आता ऐक, फुटलं कुठं ते. तिकडं शहागडला! रस्त्यावरच्या धाब्यापाशी एक ट्रकवाला गाडीतच बेशुद्ध सापडला. गाडीत हीच इंजेक्शनं निघाली. दुखणं मारायची दवा, नशेसाठी घेतात म्हणं लोक. शुद्धीवर आल्यावर त्यानं दिनकरचं नाव सांगितलं. तुझ्या नावानं आलेली दवा, सगुणा, तुझ्या पोटात आग पडलेली असताना, ट्रकवाल्यांना गेली. आन तुला? औषधखात्याचे साहेब जीप घेऊन आले, त्यांनी मधुकरला दुकानातच इचारलं. मोठा कडक औषधवाला, पयल्या दमातच बोलला. पाणी. इंजेक्शनची पावडर कालवायचं ते साधं पाणी असतं ना, ते भरत होता. साहेबच सांगत होते लोकांना, नुसतं पाणी मांसात टोचलं तर उलट जास्तीच झोंबतं.

पाणी झोंबत होतं गं तुला! आन आम्ही हात जोडत होतो त्याला. जाताना चहा देत होतो. दूध जास्ती घालून!

घरून परत स्टँडावर आले आन गर्दीत घुसून साहेबांना इचारलं, "आता जन्मभर बंद ना हे?" तरणं पोरगं हाय ते, पर मोठ्या मायेनं बोललं. "न्हाई आजी. धोका दिसला म्हणून तातडीनं लायसन थांबवलंय. रद्द झालेलं न्हाई. पुढं जालन्याला सुनावणी होईल. तिथं हे फिरतील, म्हणतील एखाद्याच वेळी चूक झाली, बाकी बराबर औषध दिलं. ज्यांना टोचलं ती माणसं तर सांगायला न्हाईत. घरच्यांनी येऊन सांगितलं, तर गोष्ट पक्की होईल."

घे! साखर वाटून बसले होते मी, आन कुलूप अजून कच्चंच!

दुसऱ्याच दिवशी दिनकरचा बाप, आप्पा, आला. पांढरं धोतर, कपाळाला गंध, संगं विलास. मला तवाच कळलं. विलास माझ्याकडं बघंना. आप्पा म्हणला, "बाई, पोरं चुकली. मी त्यांचे कान धरीन. पर गावात हे एकच मेडिकल. बंद पडलं तर लेकराच्या तापाला भोकरदन गाठावं लागंल. तुम्ही एवढंच म्हणा, की सगुणाला आराम पडत होता."

"आराम?" मी म्हणलं. "आप्पा, तुमच्या घरापर्यंत आवाज येत न्हवता का?"

"रोगच तसा होता, बाई. आन तुमच्या बीपीच्या गोळ्या आम्ही घरी पोचत्या करू. तुम्ही स्टँडापर्यंत यायचीच गरज न्हाई."

"तुमच्या गोळ्या? खडू असंल त्यात! पाण्यासाठी आपल्या गावात आड हाय, आप्पा. त्याला लायसन लागत न्हाई."

सूनबाई आत फिस्सकन हसली. आप्पाचं तोंड लाल झालं. विलास मधे पडला, "मोठी माय, कशाला गाडलेलं मढं उकरती? माय गेली. आता काय तिला आराम पडणार हाय का?"

आन मंग आप्पानं मला बराबर जागी टोचलं. उठता उठता म्हणला, "तुमचं आन तिचं कुठं पटलं? चुलीवरून भांडलात, बांधावरच्या शेवग्यावरून भांडलात. सारं गाव साक्षीला हाय. आता मेल्यावर एवढा पुळका? जालन्याला जाऊन बोलाल तर साहेब बी हसंल."

आप्पा चहा न पिता गेला. विलास बसून होता, त्या थंड चहाकडं बघत. म्हणला, "मोठी माय, दरवेळी पाणीच असंल का गं?"

तुझं लेकरू हाय ते. त्यानंच तुझे पाय धरून ठिवायचे, सुई टोचताना तू हलू नये म्हणून. मी त्याच्या पाठीवर हात ठिवला. तो उठला, चपला घातल्या, आन दारातूनच म्हणला, "जालन्याला कवा जायचं ते सांग. मी येतो संगं." त्याच्यावर रागावू नको. तुला तिकडं दुसरा धंदा न्हाई, म्हणून सांगून ठिवते.

हमीदाबी बी येणार हाय. बुरख्याआडून रडंल, पर येईल. आन मी काय बोलणार, ते मला आप्पा गेल्यावर, भाकरी थापताना सुचलं. नेमकं तोंडावर कधी सुचत न्हाई बघ मला. तुला सुचायचं.

साहेब इचारतील, तुम्ही तिच्या कोण? मी सांगीन, जाऊ. तिथं माणसं हसतील. हसू दे. मंग मी म्हणणार, "साहेब, माय लेकीसाठी खोटं बोलंल. बहीण बहिणीसाठी बोलंल. जाऊ जावेसाठी खोटं कशाला बोलंल? जाऊ तर जावेचं खरं असलं तरी झाकून ठिवते! हिला मी जन्मभर खोटी म्हणत आले, साऱ्या गावाला इचारा. तीच मी आज इथं येऊन सांगते, की ती बाई खरं रडत होती. सुई टोचल्यावर बी रडत होती. पयल्या दिवसापासून शेवटपर्यंत."

हे मी बोलणार. त्या दोघांच्या तोंडावर बोलणार, आप्पा बसला असंल तर त्याच्या बी. लायसन पुरतं गेलं तर बरंच, न्हाई गेलं तरी बोलणार. आन गावात परत आल्यावर पारावर थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं परत बोलणार, की सगुणाला नाटकी म्हणायचं आता बास.

हा माझा शबुद हाय तुला. पर ऐकून लगेच चढून जाऊ नको.

तुझी थोरली जाऊ,
कौसा