जायचा पूल, यायचा पूल

मंगळवार, ता. ३

चि. धाकटीस आशीर्वाद. खुशाली विचारू नकोस, ती नाहीच. ज्या राजानं या गावात दोन पूल बांधून एक फक्त जायला आणि एक फक्त यायला ठेवला, त्याला आपल्या गिरणीत चार दिवस बसवायला हवा होता, सरळ झाला असता. शेकडो वर्षांची रीत आहे म्हणे. शेकडो वर्षं खुळेपणा केला म्हणजे तो शहाणपणा होतो का गं?

झालं काय, ते ऐक. चहूकडे डोंगर, मध्ये हे गाव, गावातून नदी. अलीकडे राजवाडा, पलीकडे जुना बाजार. राजवाडा बघून निघालो तर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी ती शिवायला बसले, तुझ्या भावोजींना म्हटलं व्हा पुढे, आलेच. जायच्या पुलावरून मी पलीकडे पोचते तो हे गायब! मला उशीर का झाला ते बघायला यायच्या पुलावरून अलीकडे आलेले. मी अलीकडे आले, तोवर हे पुन्हा पलीकडे. दिवसभर आम्ही नवराबायको गिरणीच्या पट्ट्यासारखे फिरलो, एक वरून, एक खालून. मधोमध आल्यावर या पुलावरून त्या पुलावर एकमेकांना दिसायचो. मी ओरडायची, थांबा म्हणून. पण नदीचा हा आवाज, त्यात त्यांचे कान गिरणीनं आधीच खाल्लेले. ते आपले हात हलवायचे. अंधार पडला, पूल बंद झाले, मी अलीकडे, ते पलीकडे. त्यांचा फोन माझ्याच पिशवीत, कारण ते हरवतात.

सहलीच्या गाइडला सांगितलं तर म्हणतो कसा, दोघंही दिसताय की, मग हरवलंय कोण. आणि बस घेऊन चालता झाला. निरोप पाठवून पाहिला. मी कळवलं, बसा, मी येते. त्यांनी कळवलं, बस, मी येतो. दोन्ही निरोप पोचले आणि दोघांनी ऐकलं. सोमवार असा बसून गेला.

दोन्ही काठांच्या गाड्या वेगवेगळ्या घाटांनी खाली उतरतात आणि तुझ्याकडे दुसऱ्या दिवशी पोचतात. तेव्हा आता तूच काय ते ठरव आणि दोघांना लिही. गिरणीकडे लक्ष आहे ना? ज्वारीवर गहू दळू नकोस, गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही, पुढच्या गिरणीत जातं.

तुझी आक्का


गुरुवार, ता. ५

ति. आक्कास सा. न.

पत्र वाचून मी हसले, हे आधीच कबूल करते. मग गिरणी बंद करून रडले, ते वेगळं. कंटाळा आला असेल तर आपापल्या गाडीनं खाली उतरा आणि घरी भेटा, हा सगळ्यात सोपा मार्ग.

तो नको असेल तर माझं ऐक. तू बस. हलू नकोस. तू जन्मात एका जागी बसली नाहीस हे मला ठाऊक आहे, लग्नातही बोहल्यावरून उठून आचाऱ्याला झापून आली होतीस. पण या खेपेला बस. भावोजींनाही मी लिहिलं आहे, ते माझं ऐकतात.

गिरणी ठीक. एक बाई म्हणाल्या, पीठ जरा जाड येतंय. मी म्हटलं, आक्का नाही म्हणून दगडसुद्धा मोकळा श्वास घेतोय. राग मानू नकोस, माया आहे ती पातळ करू नकोस.

तुझी धाकटी


शनिवार, ता. ७

चि. धाकटीस अ. आ.

तुझं पत्र मिळालं. बस म्हणालीस, काठावरच्या बाकावर बसलो आहे. समोरच्या काठावर तुझी आक्काही खुर्ची टाकून बसलेली दिसते, म्हणजे तिलाही तू तेच लिहिलंस. हुशार आहेस.

खानावळीतल्या आजींनी मला लाल स्वेटर दिला आहे. गाइड लोक आता राजवाड्यानंतर आम्हालाच दाखवतात. जुन्या काळापासून ताटातूट झालेलं जोडपं असं काहीतरी सांगतात. परवा एका पाहुण्यानं मला विचारलं की मी कितव्या पिढीतला. मी म्हटलं, पहिल्याच.

खरं लिहू का? तिला दाखवणार नसशील तर लिहितो. लग्न झाल्यापासून पट्ट्याच्या आवाजातून तिची हाक आली की मी हातातलं टाकून गेलो. तक्रार नाही, पाय आपोआपच उठतात. पण त्या दिवशी पुलावर ती मला शोधत धावताना दिसली. मला कोणी असं धावत शोधतंय, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा ती आली तर बरं वाटेल. नाही आली तर मी येईनच. किती दिवस बसवेल सांगता येत नाही, पाय वळवळतात.

भावोजी


मंगळवार, ता. १०

चि. धाकटे,

आशीर्वाद द्यायचा की नाही ते शेवटी ठरवीन. दोघांनाही बसवलंस? का, तर म्हणे आक्का काही ऐकायची नाही, उठून जाईलच. आणि मी नेमकं ऐकलं! जन्मात एकदा ऐकलं आणि ही गत.

त्यांचं पत्र दाखवू नको लिहिलेलं असताना पाठवलंस ते मात्र बरं केलंस. मी अक्षर लावत लावत वाचलं. चहावाल्यानं विचारलं, डोळ्यात काय गेलं. मी म्हटलं, पीठ. इथं पीठ कुठून येणार, त्याचं त्यानं बघावं.

घरी भेटा म्हणे. जोडीनं आलेली बाई एकटी उतरू? आणि इथं बसणं डोंबलाचं. लोक माझे फोटो काढतात, उदास बघा म्हणतात. मी त्यांना उदास बघून दाखवलं तर दोघंजण पळाले. चहावाला फुकट चहा देतो, कारण मी उठले तर त्याचं गिऱ्हाईक उठेल.

पूलवाल्याला भांडून विचारलं की हा नियम आला कुठून. म्हणाला, पूर्वी एकच पूल होता. दोन लग्नांची वऱ्हाडं मधोमध समोरासमोर आली आणि मागं कोणी हटेना. नवरदेवांना दाढ्या आल्या तरी हटेनात. तेव्हा राजानं दुसरा पूल बांधला. म्हणजे बघ, समजूत घालायची सोडून पूल बांधला. माणसं तशीच्या तशी राहिली.

तर आता ऐक. जायचं मीच. शोधत यावं असं त्यांना वाटतं तर येईन, माझे काही पाय झिजत नाहीत. पण मी जायच्या पुलावरून गेले आणि त्यांचे पाय वळवळले की हे यायच्या पुलावरून इकडे. पुन्हा पट्टा सुरू. म्हणून मी यायच्या पुलावरूनच जाणार, उलटी. ते बसून राहिले तर बाकावर सापडतील, उठले तर पुलावर समोरून येतील. सुटतात कुठे! पूलवाल्यानं शिटी वाजवली तर वाजवू दे, मी पट्ट्याच्या आवाजात संसार केलाय.

त्यांना काही लिहिणार असशील तर एवढंच लिही की तो लाल स्वेटर काढून ठेवा, त्यांचा माझ्या पिशवीत आहे. बसा किंवा उठा असलं काही लिहू नकोस. काय लिहिलंस ते मला रविवारच्या गाडीनं कळव. रविवारी उत्तर आलं नाही, तर सोमवारी पूल उघडल्या उघडल्या मी उलटी निघालेली असेन.

आक्का