खिडकीतला पिवळा ठिपका

१० नोव्हेंबर, मंगळवार

मिळाली! एक नाही, चार! पत्र्याची अंतराळयानं, अंगठ्याएवढी. माझ्या कपाटातल्या जुन्या यानाचीच पिल्लं – तेच तीन पाय, तोच लाल पट्टा. जुन्या सामानवाल्याच्या खिळ्यांच्या डब्यात पडली होती. त्याला संशय नको म्हणून मूठभर खिळेही घेतले.

संग्राहक मंडळाचा चिटणीस, आमचा सर्वज्ञ, मागे सगळ्यांदेखत म्हणाला होता, "लहान आकारात ही निघालीच नाहीत, मॅडम. तुम्ही आपल्या बाहुल्या जमवा." आता येऊ दे रविवारचं प्रदर्शन. दात घशात घालते मेल्याच्या!

११ नोव्हेंबर

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातलं भिंग घरी आणलं. पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चारही यानांच्या खिडकीत पिवळा ठिपका! मोठ्या यानाची खिडकी काळी असते, शेंबडं पोरही सांगेल. कुठल्या नतद्रष्टाने हे बरबटवलं? सर्वज्ञाच्या हातात आयतं कोलीत!

जेवताना सासूबाई – "या वयात खेळणी?" नवरा ताटात बघत बसला. त्याला तेवढंच येतं.

१२ नोव्हेंबर

थिनर, कापूस, दातकोरणं. सुट्टी घेऊन दुपारी गॅलरीत बसले. चष्म्याच्या काचा घासण्यात वीस वर्षं गेली, हात हलका आहे. तीन यानं साफ. खालची काळी खिडकी शाबूत!

चौथं हातात घेतलं तर आतून सासूबाई ओरडल्या, "तो वास बंद कर! मला नाही सहन होत." नवरा लगेच, "आईला त्रास होतोय, राहू दे ना." नुसती नाटकं! या घरात मी बोलायचं नाही, आता घासायचंही नाही. चौथं उद्या.

१३ नोव्हेंबर

सकाळी बघते तर सासूबाई टेबलापाशी, हातात चौथं यान.

"आई, ठेवा ते! पडेल!"

ठेवलं नाही. बाकीची तीन उचलून एकेकाची खिडकी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "हे कुणी पुसलं?"

"मी. कुणीतरी घाण करून ठेवली होती."

चारही यानं टेबलावर ठेवून खोलीत गेल्या. दिवसभर अबोला, जेवल्याही नाहीत. आता काय पाया पडू? वस्तू माझी, रविवार माझा. मी नाही जाणार मनवायला!

१४ नोव्हेंबर

संध्याकाळी आपणहून बोलल्या. लग्नाआधी कुठल्याशा कारखान्यात होत्या, एवढंच मला ठाऊक. कारखाना खेळण्यांचा होता. दुकानदारांना दाखवायला एजंटच्या खिशात मावतील असे नमुने त्या हाताने रंगवायच्या. खिडकी काळी करायचा हुकूम होता.

"एवढ्या लांब जायचं आणि आत अंधार? मी आपला दिवा लावला."

चार यानांत लावला आणि मुकादमाने पाहिलं. थिनर त्यांच्याच हातात दिलं. म्हणाला, पूस ही घाण.

"मी नाही पुसलं. त्याच दिवशी काढलं मला."

घाण! माझाच शब्द. लाज वाटली आणि रागही आला. सोळा वर्षं एका छपराखाली, आणि एका शब्दाने सांगू नये? तसं म्हटलंही.

"तू कधी विचारलंस?"

सगळा राग माझ्यावरच उलटला. रात्री जेवण गेलं नाही. त्या मात्र जेवल्या.

१५ नोव्हेंबर, रविवार

चौथं यान घेऊन गेले, सासूबाईंनाही नेलं. सर्वज्ञ भिंग लावून म्हणाला, "यान अस्सल आहे, मॅडम, मानलं. पण ठिपका मागाहून लावलाय. पुसा, मग मधल्या टेबलावर मांडू." आणि खोक्यातून थिनरची बाटली काढून माझ्यापुढे धरली.

मी नाही पुसलं. यान सासूबाईंच्या हातात दिलं आणि आम्ही दोघी घरी आलो.