चौथ्या पडद्यावरची सेंगचान

१४ नोव्हेंबर, खोन केन
रोजनिशी लिहायची म्हणून वही घेतली आणि आजवर तीत नुसती मांजरं काढली. उद्या, उद्या म्हणत राहिले. आज मात्र लिहितेच. मोर्लाम, म्हणजे इकडची लोकगाणी, गाणाऱ्या फडात नोकरी लागली! आधी फेरीबोटीवर तिकिटं फाडली, मग पटायाच्या बारमध्ये दिवे सांभाळले. आता रंगमंचामागचे चार प्रचंड पडदे माझे. प्रत्येक पडद्यामागे एक सर्व्हर, चौघांना जोडणारी केबल. चारही चित्रं एका दमात चालली पाहिजेत, नाहीतर पडद्यापडद्यावर नदी तुटते. मालकीण माई खाम्पोङ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की पाखरू आलंय, बघू कधी उडतंय. चिकट भात, भाजलेला मासा, पोटभर.

१७ नोव्हेंबर
चारही सर्व्हरभोवती एकच पांढरा सुती दोरा फिरवलाय, भिक्खूंनी मंतरलेला. आवाजाची बाजू बघणारे थोंगसुककाका म्हणाले, मोसमाच्या सुरुवातीला हा बांधायचा, म्हणजे कुणी पुढे पळत नाही, कुणी मागे राहत नाही. मी म्हटलं, त्याला केबल आहे की. तर म्हणतात, केबल जिवंतांसाठी, पोरी.

चौथ्या पडद्यावर सेंगचान असते. फडाची जुनी गायिका. गेल्या मोसमात अंगात ताप घेऊन गात होती, माई खेळ रद्द करेना. चंदेरी झग्यात रंगमंचाच्या पायऱ्यांवर कोसळली, ती उठलीच नाही. आता तिचं चित्रित गाणं लागतं आणि तिच्या जागी आलेली गायिका दाओरुंग खाली उभी राहून तिला जबाब देते. लोक ढसाढसा रडतात. माई खूश.

२१ नोव्हेंबर
दोरा चौथ्या सर्व्हरच्या पंख्यात अडकला, यंत्र तापलं. तेवढाच तुकडा कात्रीने कापला. काकांना बोलले नाही, उगाच पुराण लावतील. दाओरुंगने पपईची कोशिंबीर आणली. डोळ्यांतून पाणी! ही हसत म्हणते, पाखरांना मिरची लागत नाही म्हणे. इथे माझं असं ती एकच माणूस.

२४ नोव्हेंबर
चौथा पडदा मागे पडतोय. सूर येऊन जातो, मग सेंगचानचे ओठ हलतात. केबल बदलली, सगळी घड्याळं पुन्हा जुळवली. माईने विचारलं, यंत्र बिघडलंय की तू?

२७ नोव्हेंबर
आता तो पुढे पळतोय. सेंगचान मान वळवते, आणि मग खाली दाओरुंग तशीच वळवते. हात उचलते, मग दाओरुंग. विचारलं, तर म्हणाली, अगं, माझी तर तिच्याकडे पाठ असते.

२९ नोव्हेंबर
दुपारची तालीम. गाणं संपलं, चौथा पडदा थांबला नाही. चित्रीकरण तिथेच संपतं, मला पाठ आहे ते. सेंगचान पायऱ्यांपर्यंत चालत गेली. कोसळली. चेहरा वर झाला.
दाओरुंगचा.
काकांना दोऱ्याचं सांगितलं. रागावले नाहीत, तेच वाईट. नवा दोरा आणला, पण गाठच बसेना. माईचे पाय धरले, तो पडदा तेवढा बंद ठेवा. म्हणाली, लोक तिलाच बघायला येतात. आणि मेली तरी ती वेळेवर येते, तुमच्यासारखी रडत नाही.

३० नोव्हेंबर
चौथ्या सर्व्हरची वायर उपटली. पडदा चालूच—
पडद्यावर कोसळणारीच्या अंगात चंदेरी झगा आहे. दाओरुंगचा हिरवा. हे एकच धरून बसलेय. तरी सकाळी तिला रोई-एतच्या बसमध्ये बसवलं, आईकडे. हिरवा झगा मीच तिच्या पिशवीत भरला. रडली, पण गेली.

संध्याकाळ
मैदान भरलंय. चौथ्या पडद्यावर नुसत्या पायऱ्या. रिकाम्या. राहू देत रिकाम्या. ती लांब पोचली असेल—

काका पळत आले. माईने फोन करून तिला अर्ध्या वाटेतून उतरवलं. दाओरुंग आलीय. पिशवी बसमध्येच राहिली, म्हणून माईने पेटीतला चंदेरी