अडतिसाव्या रेषेच्या खाली

कांगह्वा बेट,
५ ऑक्टोबर १९८४

प्रिय दादास सादर नमस्कार.

इकडे हवेत गारवा आलाय. मिरच्या वाळवून झाल्या. वहिनींची पाठ कशी आहे? अमेरिकेत सुया टोचणारे वैद्य मिळतात का? आईचं जेवण कमी झालंय.

या आठवड्यात वर्गात अक्षांश शिकवले. 'ही रेषा कल्पित असते' असं फळ्यावर लिहिताना दरवर्षीसारखाच हात अडखळला. कोरियाचे दोन तुकडे केले तेव्हा आपलं गाव केसाँग अडतिसाव्या रेषेच्या खाली, म्हणजे दक्षिणेत राहिलं. त्याच भरवशावर, युद्धात आपण इकडे निघून आलो तरी बाबा जिनसेंगच्या मळ्यापाशी थांबले. "गाव रेषेच्या खाली आहे, कुठे जाणार? सहा वर्षांचं पीक आहे, काढून येतो." पण लढाई थांबली तेव्हा सैन्यं जिथे उभी होती तिथेच सरहद्द आखली. अंश कोणी विचारले नाहीत. गाव उत्तरेत गेलं. नकाशात ते अजूनही रेषेच्या खालीच आहे.

परवा नवव्या चांद्रमासाची नवमी झाली. ज्यांच्या मृत्यूचा दिवस ठाऊक नाही, त्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. इतकी वर्षं आईने बाबांचं करू दिलं नाही. यंदा तिनेच माझ्या बायकोला सांगितलं, "सूनबाई, नाशपाती आण. ह्यांचं ताट मांडायचंय."

मी म्हणालो, "आई, खात्री कुठे आहे? खाडीपलीकडे गावात आत्ता जेवत बसले असतील."

"मग आज दोनदा जेवतील. तुझ्या वडिलांना काही जड नाही."

ताट मांडलं. पण भातात चमचा उभा रोवायची वेळ आली आणि माझ्याने होईना. जिवंत माणसासाठी ठेवतात तसा मी तो वाटीशेजारी आडवा ठेवला. आईने उचलून रोवला.

"मास्तर, तुमची खात्री होईपर्यंत थांबायला मला वेळ नाही. मी जाईन तेव्हा तिथे न्यायला कोणी नको का?"

दादा, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. तिच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर वसंतापर्यंत म्हणतात. तुला कळवणार नाही असा तिने माझ्याकडून शब्द घेतलाय. तो मोडणं योग्य की अयोग्य, मला अजून ठरवता आलेलं नाही.

थोरल्या मुलाने वाहायचा मद्याचा पहिला प्याला मी तुझ्या नावाने वाहिला. रागावलास तरी चालेल. पुढच्या वर्षी बहुधा दोन ताटं मांडावी लागतील. ती आपल्या हाताने जेवतेय तोवर ये.

आईला न सांगता लिहिणारा,
तुझा धाकटा,
इन्सोप