मिरचीची फुलं आणि पुढे ढकललेली तारीख

प्रिय माय,

आज शेडनेटमध्ये बियाण्याच्या मिरचीचं क्रॉसिंग सुरू झालं, पुन्हा फुलाफुलाला हातानं पराग लावणं. तुझ्याशिवायचं पहिलंच. तुझी ओळ कोण घेणार, म्हणून बायांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बाहेर निघून आले. आता बांधावर बसून लिहितेय.

तुझ्या काळजाची झडप गळते, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आम्ही सारे घाबरलो. तू मात्र म्हणालीस, "मंग मोटारीच्या फुटव्हॉलवानीच हाय ना! पाणी वर चढते अन् परत हिरीत उतरते." डॉक्टरांना हसूच आवरेना.

छाती उघडण्याचं ऑपरेशन तुला झेपणार नव्हतं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवायची ठरली. कडक, अरुंद झडपेत ती घट्ट बसते, गळक्या मऊ झडपेत सरकू शकते. म्हणून तुझ्यासाठी पकड धरणारी वेगळी झडप मागवली होती. किती जपून समजावलं होतं त्यांनी!

आणि तारीख नेमकी गेल्या वर्षीच्या मिरचीच्या क्रॉसिंगात आली. तू अडून बसलीस, "आज उमललेल्या फुलाले आजच पराग लावा लागते. ते काय उद्या थांबते? दवाखाना कुठी पळून राह्यला?" तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचीस, धाड गावच्या बाजारातून येताना चारदा थांबायचीस, आणि काळजी फुलांची! हट्टी कुठली!

पण दोष तुला एकटीला कसा देऊ? दवाखान्यात फोन मीच केला. पंधरा दिवस पुढची तारीख मीच मागितली. "त्रास वाढलाय का?" असं त्यांनी विचारलं, तर मी नाही म्हणाले. खरं सांगू? मलाही तुझे हात हवे होते. फूल न मोडता तुझ्याइतकं झरझर काम कोणाला जमतं? त्या फोननंतर नवव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तू गेलीस. माफ करशील का गं?

आता तुझ्या पाठच्या सुमनमावशीलाही तेच दुखणं निघालंय. मंगळवारची तारीख मिळाली आहे. काल म्हणते कशी, "एवढं क्रॉसिंग होऊ दे व पोरी, मंग जाऊ." मी अशी ओरडले की बिचारी रडायलाच लागली. तिला काय माहीत, मी कोणावर ओरडत होते!

माय, तुला शब्द देते. मंगळवारी मावशीला मी स्वतः घेऊन जाईन. तिच्या आणि आपल्या, दोन्ही शेडनेटचं काम बंद राहील. गळतील तेवढी फुलं गळू देत. मला मावशी पाहिजे.

तुझीच,
शोभा