ताकदीच्या गोळ्या

बालाघाट,
४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मधुवंतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलायला घेतलं की देवेंद्र शेजारी येऊन उभा राहतो, म्हणून हे पत्र. मी फार संतापलो आहे.

तीन वर्षं ज्या गोळ्या गिळल्या, त्या ताकदीच्या, असं तुझ्या भावानं सांगितलं होतं. मार्चमध्ये भूक सुधारली, बसस्टँडपर्यंत फिरून येऊ लागलो. ताकद आली, आता कशाला, म्हणून बंद केल्या. जूनपासून पुन्हा, तीन वर्षांपूर्वीसारखंच, शौचातून रक्त. परवा इस्पितळात डॉक्टरांनी मला चारचौघांत निष्काळजी म्हटलं, आणि तुझे बंधुराज खाली मान घालून उभे! शेवटी तिथल्या कंपाउंडर वसंतालाच माझी दया आली. तो म्हणाला, "काकाजी, तुमच्या मोठ्या आतड्यात जखमा हायेत. ह्या गोळ्या जलमभर घ्या लागतात. तुम्हाले कोणी सांगतलं नाही काय?"

चाळीस वर्षं तहसील कचेरीत मी लोकांना त्यांचे कागद वाचून समजावले. माझी फाइल मात्र माझ्याखेरीज सगळ्यांनी वाचली. तुला ठाऊक होतं का? खरं लिही.

आता डॉक्टर म्हणतात, नागपुरात इंजेक्शनं घेऊन बघा, नाहीतर आतडं काढून शौचासाठी पोटाला पिशवी. देवेंद्रनं परस्पर सांगून टाकलं, बाबांना यातलं काही झेपणार नाही. आतडं माझं आणि नकार त्याचा!

लोभ असो, लपवाछपवी नसो.

तुझे बाबा

अमरावती,
९ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस मधुवंतीचा सा. न. वि. वि.

हो, ठाऊक होतं. ताकदीच्या म्हणून सांग, हे देवेंद्रला मीच सुचवलं. तुम्ही आजाराचं नाव ऐकून खचाल अशी भीती वाटली. चूक माझी, रागवायचं तर माझ्यावर रागवा.

पण बाबा, मलाही राग आला आहे. हे आम्ही कोणाकडून शिकलो? आईच्या पोटात गाठ होती आणि तुम्ही तिला शेवटपर्यंत गॅस आहे म्हणत राहिलात. बिचारी ओवा चघळत बसायची. तोंड उघडायचं नाही, अशी शपथ तुम्हीच आम्हा दोघांना घातली होती.

नागपूरला जायचं ठरवलंत तर मी येईन. रागावूनच का होईना, आशीर्वाद द्या.

आपली मधू

बालाघाट,
१६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मधूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर धुसफुसलो. तिसऱ्या दिवशी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. इंजेक्शनं लागू पडली नाहीत तर काय, पिशवी कायमची का, सगळं विचारलं आणि वहीत उतरवून घेतलं. आधी इंजेक्शनं घेणार. नाही जमलं तर पिशवी. देवेंद्र फुगून बसला आहे, पण सव्वीस तारखेच्या मंगळवारची गाडी त्यानंच ठरवली.

तुझ्या आईनं मला तीनदा विचारलं होतं, खरं काय ते सांगा. मी तिन्ही वेळा हसून उडवून लावलं. रामपायलीला तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. हिला एकदा भेटून यायचं होतं. मी म्हणालो, घाई काय आहे, बरी झालीस की उन्हाळ्यात जाऊ. तुझी आई होळीआधीच गेली.

मंगळवारी नागपूरला ये. माया आहे तशीच राहू दे.

तुझे बाबा