गाभाऱ्यातली वीट

२१ जाने. ९६, रवि.
बिरोबाच्या देवळात जाऊन आले. मंडपाच्या कोपऱ्यातली वीट निखळलेली. उलटून पाहिली तर शिक्का! कालव्याच्या जुन्या चौकीच्या विटांवर आहेत तीच इंग्रजी अक्षरं. म्हणजे देऊळ कालव्याच्या वेळचं, फार तर शंभर-सव्वाशे वर्षांचं. खुशीत चहा उतू गेला.
गाभारा राहिला. तिथं बायका जात नाहीत. उंबऱ्यावरून पाहिलं, नुसता गिलावा आणि अंधार. आबांना बघून यायला सांगावं असं मनात आलं. पण इतिहासात एम. ए. झालेल्या बाईनं सासऱ्यांना विचारायचं? राहिलंच.

२६ जाने.
झेंडावंदन करून थेट वस्तीच्या बैठकीला. कमिटीला पाडून स्लॅबचं देऊळ हवंय. आबांना जुन्याचीच डागडुजी. वाडवडील मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हापासून दिवाबत्ती आमच्या घरात. कमिटीचे भाऊसाहेब म्हणाले, फार जुनं असेल तर ठेवू, बाईंनाच विचारा. मी वीट दाखवली, शिक्का समजावला. मागून कुणीतरी विचारलं, आतलं पण तेवढंच का? मला आत जाता येत नाही, हे चारचौघांत म्हणायची लाज वाटली. म्हटलं, हो, सगळं एकदमच बांधलेलं.
ठरलं, पाडायचं. येताना आबा पुढं पुढं चालत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ फेब्रु., रवि.
आधी मंडप उतरवला, मग गाभारा. गिलावा पडला आणि आतून हातभर लांब, चपट्या विटा. प्रत्येकीवर ओल्या मातीत दाबलेला कमळासारखा शिक्का. गाभारा कालव्याच्या कितीतरी आधीचा, मंडप नंतर जोडलेला, बस्स. एवढी साधी गोष्ट.
सगळे माझ्याकडं बघायला लागले. आबा पुढं झाले.
"ह्या इटा आमच्या आज्यानं लांबनं गाडीत घालून आणल्या व्हत्या. पडक्या गढीच्या हायती. सूनबाई म्हणती त्येच खरं हाय."
आबांचा शब्द म्हटल्यावर कुणाला शंका? पुन्हा पहारी चालू. दोन भिंती तेव्हा उभ्या होत्या. थांबा म्हणायला हवं होतं मी.

१२ फेब्रु.
शाळेतून परस्पर तिकडं. उंबरा काढलेला. गाभाऱ्याच्या जागी उभी राहिले, पहिल्यांदाच. कुणी अडवलं नाही. विटा ट्रॅक्टरनं पाणंदीत टाकल्या, उसाच्या गाड्या रुतू नयेत म्हणून. एक उचलून आणली.
वाढताना आबांना विचारलं, तुमच्या आजोबांनी खरंच आणल्या होत्या?
"मला काय ठावं. तुज्याकडं बघाय लागली व्हती समदी."
त्यांनी भाकरी मोडली आणि जेवायला लागले. मी मोरीत जाऊन रडले.

२ मार्च, शनि.
पुणे. वीट पिशवीत घालून सरांकडं, एम. ए. ला शिकवायचे ते. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. खूप जुनी असू शकेल म्हणाले. पण सुट्या विटेवरून देवळाचं वय कसं सांगायचं? कशावर बसली होती, शेजारी काय होतं, जागेवर कुणी पाहिली? मी म्हटलं, सासरे म्हणतात दुसरीकडून आणलेली. मग प्रश्नच मिटला, म्हणाले.
आबांनी माझ्यासाठी बोललेलं खोटं मी माझ्यासाठी पुन्हा वापरलं. इंदापूरपर्यंत पिशवी मांडीवर.

१७ मार्च, रवि.
बुधवारी पाडवा, पायाभरणी. भाऊसाहेबांना कोनशिलेचा मजकूर आजच हवाय, बारामतीचा पाथरवट खोळंबलाय. मूळ देऊळ कधीचं, ते साल माझ्याच हातचं पाहिजे म्हणतात. कालव्याचं लिहिलं तर खोटं दगडात जाणार. खरं सांगितलं तर अख्ख्या वस्तीत आबा खोटे पडणार. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले असतील, ते माझ्यापायी.
त्यांनाच विचारलं.
"तू लिवशील त्ये."
सालाची जागा मोकळी ठेवून बाकीचं लिहिलंय. अंगणात भाऊसाहेबांची मोटरसायकल थांबली. आबा दार उघडायला उठलेत.